पाळणाघराचा कॅमेरा

जुईचा पाळणाघरातला पहिलाच दिवस, आणि ऑफिसात बसलेल्या केतकीच्या मोबाईलवर तिथल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ अडकल्यासारखा. घरात क्षणभर एका जागी न ठरणारी जुई पाच मिनिटं झाली तरी चटईवर हलत नव्हती.

केतकीने ॲप बंद करून उघडलं, वायफाय सोडून डेटा लावला, फोन रीस्टार्ट केला. "ॲपच काढून नव्याने घे," शेजारच्या टेबलावरून सावंतबाई म्हणाल्या. तेही झालं. जुई ढिम्म.

तिने पाळणाघराच्या काकूंना फोन लावला. "काकू, तुमचा कॅमेरा अडकलाय का हो? जुई हलतच नाहीये!"

"अगं बाई, तासभर थोपटल्यावर आत्ता कुठे झोपलीत सगळी," काकू कुजबुजल्या. "आणि तुझ्या रिंगने..."

मोबाईलवर सात डोकी वर झाली आणि सातही जणांनी भोकाड पसरलं. व्हिडिओ अगदी सुरळीत चालला होता.