आचलचा माईक

दुपारी संत्र्याच्या शेडमध्ये सुभद्रानं मोबाईल पेटीला टेकवला आणि आवाज बंद केला. मेलबर्नच्या स्टेडियममध्ये तिची लेक आचल गाणार होती, चाळीस वर्षं गाजलेल्या रॉक बँडसोबत. मूळ गायकाचा आवाज गेला, म्हणून जगभरच्या दौऱ्यापुरती वरूडची ही पाहुणी घेतलेली. मागच्या शहरात लोकांनी तिची हुर्यो उडवली होती. ती पुन्हा ऐकायची सुभद्राची हिंमत नव्हती. दोन गाणी नीट गेली. तिसऱ्यात आचल मधेच थांबली. तोंड मिटून तिनं माईक समोरच्या गर्दीकडं धरला. सुभद्राचा अंगठा हातातल्या संत्र्यात रुतला. “मामाजी, पोरगी शब्द इसरली. माईक वापस करून राहिली.” सासरे जानराव मोबाईलवर वाकले. “मंग हासून काहून राहिली? आवाज वाढव.” “नाई जी, मले ऐकवत नाई.” जानरावांनीच बटण दाबलं. आचलनं सोडलेली ओळ अख्खं स्टेडियम गात होतं.