बारावी लिफ्ट

"नको," वडील म्हणाले. लिफ्ट तळमजल्यावर येऊन दार उघडेपर्यंत त्यांचा निकाल तयार होता.

हे अकरावं घर. दोन्ही बाजूंनी उजेड, बाथरूमला खिडकी, शाळा हाकेच्या अंतरावर. सूनबाईंनी तर फोनवर फोटो पाहूनच डबे कुठे ठेवायचे ते ठरवून टाकलं होतं. मुलाने आभाळाकडे पाहिलं. एजंटने घड्याळाकडे पाहिलं. वडिलांनी फक्त कॅनव्हासची जड पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

पिशवीत पाने, पकडी, टेस्टर, पेचकस असा सगळा संसार होता. घरातलं झाडून सारं सामान ट्रकमध्ये चढलं, पण ही पिशवी नाही. लिफ्ट दुरुस्तीत एकेचाळीस वर्षं काढलेला माणूस आपली हत्यारं अशी कुणाच्या हवाली करत नाही. निवृत्तीनंतरही जुन्या शहरात आठवड्यातून तीनदा तरी ते भरल्या ताटावरून उठत. कुठल्या ना कुठल्या बिल्डिंगचा वॉचमन खालूनच ओरडायचा, "लिफ्टकाका, अडकली हो!" आणि काका हातातला घास ताटात टाकून निघायचे. मुलगा कपाळाला हात लावायचा. परराज्यात बदली झाली तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की चला, आता तरी म्हातारा सुखाने चार घास खाईल.

म्हातारा यायलाच तयार नव्हता. मागे एकटं ठेवायची सोय नव्हती. गेल्या वर्षी घेरी येऊन पडले, ते शेजाऱ्यांना दोन तासांनी कळलं होतं. हो-ना करता करता ते निघाले, पण अट घालून. घर पटलं तर राहणार, नाही तर आल्या पावली परत. परतीचं तिकीट त्यांनी आधीच काढलं होतं, परवाचं. ते शर्टाच्या खिशात असे आणि प्रत्येक नकारानंतर ते एकदा चाचपून बघत. सामानाचा ट्रकही परवाच पोचायचा होता. म्हणजे परवा मुलाला एक तर ट्रक उतरवून घ्यायचा होता किंवा वडिलांना गाडीत बसवून द्यायचं होतं, आणि एकूण चिन्हं दुसऱ्या कामाची होती.

घर बघायची वडिलांची रीत ठरलेली. खोल्यांत ते डोकावल्यासारखं करीत. खरी तपासणी लिफ्टमध्ये. डोळे मिटून, भिंतीला तळहात टेकवून शेवटच्या मजल्यापर्यंत जायचं, तसंच खाली यायचं आणि नकारार्थी मान हलवायची. काय खटकलं ते सांगायचं नाही. मुलाने खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "माझं नाही जमायचं इथं." डॉक्टरसुद्धा याहून जास्त सांगतात.

पाचव्या घरानंतर मुलाने डोकं चालवलं. आपल्या बापाच्या परीक्षेला साधीसुधी लिफ्ट उतरणार नाही, हे उघड होतं. त्याने एजंटला बाजूला घेऊन बजावलं, घर कसं का असेना, लिफ्ट नवीकोरी पाहिजे. मग एकाहून एक सरस लिफ्टा आल्या. एक चालते आहे हेच कळत नव्हतं. एक मजल्याचा आकडा गोड आवाजात सांगायची. अकरावीला कंपनीची दहा वर्षांची हमी होती. एजंटने ती हमी कौतुकाने वाचून दाखवली, तेव्हा वडिलांचा चेहरा असा पडला, की जणू जवळचं कुणी गेल्याची बातमीच ऐकली.

"आता एकच उरलंय," एजंट म्हणाला. "पण ते तुम्हाला दाखवण्यासारखं नाही. बिल्डिंग जुनी आहे."

मुलगा म्हणाला, दाखवा. त्याने आता सगळं सोडून दिलं होतं.

लिफ्ट जाळीच्या दाराची होती. तिघे आत शिरले. ती कण्हली, कशीबशी निघाली आणि चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये गचकन थांबली.

मुलाचा संयमही तिथेच थांबला. "बाबा, एकदाचं सांगून टाका. तुम्हाला हवंय तरी काय?"

"उजेड धर," वडील म्हणाले. पिशवी उघडून झाली होती.

मुलाने फोनचा उजेड धरला. वडिलांनी दाराच्या वरच्या कोपऱ्यातलं झाकण काढलं, आत पॉलिश पेपर फिरवला, एक पत्ती बोटाने किंचित वाकवली. तेवढ्यात एजंटने तीनदा माफी मागितली आणि न विचारता कबूलही करून टाकलं, की ही आठवड्यातून दोनदा तरी अडकतेच, आणि कंपनीचा माणूस उगवायला दोन-दोन दिवस लागतात.

"दोन दिवस?" वडिलांनी वळून विचारलं. अकरा घरांत मिळून त्यांनी इतक्या उत्सुकतेने काही विचारलं नव्हतं.

लिफ्ट सुरू झाली. पाचव्या मजल्यावर एक बाई धुण्याची बादली घेऊन कधीच्या ताटकळत उभ्या होत्या. त्यांनी उघडी पिशवी पाहिली, वडिलांचे काळे झालेले हात पाहिले.

"मिळाला बाई एकदाचा माणूस," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिफ्टवाले ना हो? परत अडकली तर शोधायचं कुठं तुम्हाला?"

गैरसमज दूर करायला मुलाने तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याला अकराच्या अकरा लिफ्टा आठवल्या. त्यांतली एकही साधी कुरकुरली नव्हती.

वडिलांनी खिशातून परतीचं तिकीट काढलं आणि त्याला बोटांचं काळं तेल नीट पुसलं. मग, ज्याची किल्ली अजून एजंटच्याच खिशात होती, त्या समोरच्या कुलूपबंद घराकडे त्यांनी बोट केलं.

"इथंच राहतो की," ते म्हणाले. "जेवत असलो तरी हाक मारा."