घोड्यांचं गाणं

“डॉक्टर, थांबा,” चष्मेवाला म्हणाला. “मला हे गाणं आवडतंय.”

सर्जनांचा हात जागच्या जागी थांबला. चष्मेवाल्याच्या कवटीचा तळहाताएवढा तुकडा बाजूला काढून ठेवला होता आणि तो स्वतः टक्क जागा होता. मेंदूला कापलेलं दुखत नाही. म्हणून अशा ऑपरेशनमध्ये माणसाला जागं ठेवतात, बोलतं ठेवतात. जीभ अडखळली, बोट चुकलं, की हात आवरायला हवा हे सर्जनला कळतं. चष्मेवाल्याची गाठ उजव्या कानाच्या वर होती, माणसाला गाणं कळतं त्या जागी. त्यामुळे त्याच्यासमोर एक तपासनीस बाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी फोनवर त्याची गाणी लावायची, त्याने बोटाने ठेका धरायचा, असं ठरलं होतं.

ठेका एकदाही चुकला नव्हता. त्याची गाणी तशी साधीसुधी नव्हतीच. प्रोग्रेसिव्ह मेटल, रॉकमधला गुंतागुंतीच्या तालांचा प्रकार. आता सात मात्रा, मग अकरा, मग मध्येच पाच. एकेक गाणं अर्धा तास चालायचं. यासाठी कान तयार लागतो, असं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता, आणि त्याच्या चष्म्याच्या दुकानातल्या खुर्चीत एक डोळा झाकून बसलेलं गिऱ्हाईक बिचारं ऐकून घेत होतं. मेटलचाच सोपा, लोकप्रिय भाऊ म्हणजे पॉवर मेटल; त्याचं नाव काढलं की मात्र तो नाक मुरडायचा. घोडे, तलवारी, ड्रॅगन आणि टाचा उंचावून किंचाळणारा गायक. कोट्यवधी लोक ऐकतात, असं कोणी म्हणालं की त्याचं उत्तर तयार असायचं. कोट्यवधी लोकांना चष्माही लागतो, म्हणून तो काही दागिना होत नाही.

आज त्याने दिलेली गाणी संपली. बाईंच्या लक्षात यायच्या आत फोनने आपणहून पुढचं गाणं लावलं, पॉवर मेटलमधलं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं. गाणं जुनंच होतं, कोणाच्या ना कोणाच्या गाडीतून कानावर पडलेलं. टापांसारखे धावणारे ड्रम आणि वर हजार गळ्यांचा कोरस. चष्मेवाला मनातल्या मनात हसायला गेला आणि त्याच्या अंगावर काटा आला. छाती भरून आली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुढचा सूर कुठे जाणार, हे त्याला सुराच्या आधी कळत होतं. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग तो घाबरला.

सर्जनांनी आदल्या दिवशी समजावलं होतं. हात तपासता येतो, वाचा तपासता येते. आवडनिवड, स्वभाव, यातलं काही निसटलं तर ते आम्हाला दिसणार नाही, तुम्हीच सांगायचं. चष्मेवाल्याला ते लगेच पटलं होतं. तो तरी दिवसभर दुसरं काय करायचा? ही काच बरी की ही, एवढं विचारायचं आणि समोरचा सांगेल ते खरं मानायचं. पण तेव्हापासून त्याला भीतीने घेरलं होतं. मरणाची भीती होतीच, ती सगळ्यांनाच असते. ही भीती वेगळी होती. टेबलावरून भलताच माणूस उठेल, त्याचा शर्ट घालून घरी जाईल, त्याच्या बायकोशेजारी बसून जेवेल, आणि आपण भलते आहोत हे त्या माणसाला कळणारही नाही. आता तो माणूस आला होता. घोड्यावर बसून आला होता.

बाईंनी गाणं बंद केलं. बोटं हलवायला लावली, चित्रं ओळखायला लावली, महिने उलटे म्हणायला लावले. सगळं बिनचूक. मग बिघडलंय काय, असं त्यांनी विचारलं. हे गाणं मला सहन होत नाही, तो म्हणाला, आणि आता ते परत लावा म्हणावंसं वाटतंय.

“नखाएवढी गाठ राहिलीय,” सर्जन म्हणाले. “ठेवली तर वाढणार. काढली आणि तुम्ही म्हणताय तसं खरंच होत असेल, तर आणखी होईल. काय करू?”

जगायचं तर कोणी जगायचं, हेच चष्मेवाल्याला कळेना.

“बाहेर माझी बायको बसलीय,” तो शेवटी म्हणाला. “तिला विचारा, मी असा होतो का. माझा आता माझ्यावर भरवसा नाही.”

बायकोला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हेही तोच सांगत आला होता. पण दुसरं विचारणार कोणाला? सिस्टर फोन घेऊन बाहेर गेली. सर्जन हात वर धरून उभे होते. चष्मेवाल्याने आपलं एखादं लाडकं गाणं आठवून पाहिलं. सात मात्रा मोजल्या, पुन्हा मोजल्या. प्रत्येक वेळी मध्येच घोडे यायचे. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

दार वाजलं.

“मला बघून त्या आधी भिंतीलाच टेकल्या,” सिस्टर म्हणाली. “त्यांना वाटलं...” तिने ते वाक्य सोडून दिलं. “मग गाणं ऐकवलं, तर रडता रडता हसायलाच लागल्या. म्हणाल्या, हे तर ते रोज दाढी करताना गुणगुणतात. लग्न झाल्यापासून.”

मग सर्जनांनी विचारलं, “आणि यांनाच पत्ता नाही?”

“मीही तेच विचारलं,” सिस्टर म्हणाली. “तर म्हणाल्या, मी कधी बोलले नाही. कळलं असतं तर त्यांनी गुणगुणणं बंद केलं असतं.”