मुद्देमालातला दिवस

बेचाळिसाव्या तारखेलाही काहीच झालं नाही. कौतिकाबाईंनी कोर्टाच्या पायरीवर बसून डबा उघडला, तेवढ्यात त्यांचे वकील निकुंभ खाली आले.

"पुढची तारीख सतरा जुलै. आणि मावशी, पोलिसांचा पुन्हा निरोप आलाय. तक्रार मागे घेतली, तर तुमचा तो दिवस उद्याच डोक्यात परत बसवून देतील."

साक्ष फिरू नये म्हणून तो दिवस सात वर्षांपूर्वी त्यांच्या डोक्यातून काढून, सील करून मुद्देमालात जमा केला होता. त्या दिवशी कोठडीत पोलिसांनी आपल्यासमोर लेकाला, भिकनला मारमारून संपवलं, हे त्या माउलीला आता फक्त कागदांवरून माहीत होतं.

"जमा करताना तुम्ही पाहिलात ना? शेवटी काय बोलला माझा भिकन?"

"मी सांगितलं तर पुरावा बाद होईल, मावशी."

"मग राहू द्या." कौतिकाबाईंनी अर्धी भाकरी वकिलांपुढे केली. "एवढंच सांगा, मला हाक मारली का त्यानं?"

निकुंभांनी भाकरी घेतली आणि आजूबाजूला बघून हळूच मान डोलावली.

त्यांच्याकडे बघत कौतिकाबाईंनी डब्याचं झाकण लावलं.

"सतरा जुलैला येते," त्या म्हणाल्या. "तोवर एवढ्यावर भागवीन."