दोनचा डोस

“फ्रीझन आजी ‘बरं आहे’ म्हणाल्या तर ते उत्तर धरू नकोस,” नर्स ओडेटने जोलीनला बजावलं होतं. “जुन्या मेनोनाइट घरातली, साध्या कडक ख्रिस्ती पंथातली बाई आहे. दुखतंय म्हणणं म्हणजे देवाकडे कुरकुर. तोंडाकडे नको बघूस, हातांकडे बघ.”

जोलीन हसली होती. हॉस्पिसमध्ये, शेवटचे दिवस मोजणाऱ्या रुग्णांच्या त्या घरात, वाढदिवस, लग्नं, निरोपाची जेवणं लावून देणं हीच तिची नोकरी. चार वर्षं झाली होती. माणूस ओळखायला तिला नर्स लागत नव्हती. तिने आजींना स्वतः विचारलं होतं, “दुखण्यावरचा दोनचा डोस फोटोनंतर घेतला तर? नाहीतर नातीच्या लग्नात घोरत पडाल.”

“चालेल की,” आजी म्हणाल्या होत्या. जोलीनने कागदावर लिहिलं: लग्न दोनला, फोटो अडीचला, डोस पावणेतीनला.

आता तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि लग्न लागलंच नव्हतं. आजींचा पलंग हॉस्पिसच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी आणलेला. नवरी लारिसा फुलं धरून उभी. टेबलावरचे पाव कडक होत चाललेले. आजींचा थोरला मुलगा अर्विन फोन खिशात टाकत आला.

“धाकट्या भावाची गाडी बर्फ काढणाऱ्या ट्रकच्या मागे अडकलीय. दहाच मिनिटं.”

“ही तुमची चौथी दहा मिनिटं,” जोलीन म्हणाली.

“आई थांबेल. काय गं आई?”

“थांबते की. बरी आहे मी.”

आजी हसत होत्या. जोलीनने हातांकडे पाहिलं. गोधडीची कड मुठीत पिळवटली होती, इतकी की शिवण उसवून आतला कापूस बोटांमधून बाहेर आला होता. दुसरा हात उशीखाली दडवलेला.

दारात ओडेट उभी होती. “दोनदा विचारलं मी. ‘कार्यक्रम होऊ दे’ म्हणाली. बळंच देऊ?”

जोलीन पलंगाशी वाकली. “आजी, दुखतंय?”

“बरं आहे गं...”

“बरं नकोय मला! कुठे दुखतंय ते सांगा!”

“आवाज खाली,” अर्विन दात आवळून म्हणाला. “लग्नघर आहे हे.”

“लग्न गेलं खड्ड्यात! तुमची आई तासाभरापासून तुमच्या फोटोसाठी कळा सोसतेय, आणि तुम्ही उभे राहून घड्याळ बघताय?”

“तिचीच इच्छा होती—”

“बाबा, बाजूला व्हा,” लारिसा म्हणाली. फुलं पावांवरच टाकून, जोलीनने धरलेल्या पलंगाचं दुसरं टोक तिने धरलं. झगा चाकात अडकला, टर्रकन फाटला. ती थांबली नाही.

आजींच्या चार नंबरच्या खोलीत ओडेटने सुई दिली. बऱ्याच वेळाने आजींची मूठ सैल पडली. त्यांनी डोळे उघडून जोलीनला शोधलं.

“माफ कर हं पोरी. एवढं सजवलंस, आणि मी सगळा विचका केला.”

दारात अर्विन येऊन उभा होता. त्याला सुनावायला जमवलेले शब्द जोलीनच्या तोंडातच राहिले. डोस पुढे ढकलणाऱ्या कागदावरचं अक्षर त्याचं नव्हतं, तिचं होतं.

जोलीन अजून आजींच्या उशाशीच बसून आहे. उद्या सहा नंबरच्या डिक आजोबांचा वाढदिवस. त्याच्या वेळांचा कागदही तिनेच केलाय. तुम्ही त्या बाजूला असाल तर तेवढं डोकावून या. ते ‘बर्फ किती पडला’ विचारतील, ‘कॉफी घेणार का’ विचारतील. तेवढ्यावर उठू नका, हातांकडे बघा.