रविवारी आलेला खेळ

पुसायलाच लावायचं होतं तर दिलात कशाला? व्हिडिओ गेमच्या कंपनीला अशी पत्रं मिनेगिशीने किती लिहिली, त्याची त्यालाच मोजदाद नव्हती. तुम्ही उपग्रहावरून खेळ सोडलेत, पोरांनी आपापल्या मेमरी कॅसेटमध्ये उतरवून घेतले. कॅसेटमध्ये जागा एकाच खेळाची. पुढच्या रविवारी नवा हवा तर जुना आपल्याच हाताने पुसा. आणि आता म्हणता, आमच्याकडेही प्रत नाही. लाज कशी वाटत नाही?

चौदाव्या वर्षी त्याने कोल्ह्याचा खेळ पुसला होता. कशासाठी, तर एका भिकार मोटार शर्यतीसाठी. मोठेपणी त्या कोल्ह्यापायी त्याने ओसाकातली झाडून सगळी भंगार दुकानं पालथी घातली. वीस वर्षं.

आणि सापडला कुणाला? कुवाहाराला. ताकोयाकी, म्हणजे ऑक्टोपसचे गोळे, भाजणाऱ्याला.

"वायर शोधत होतो रे," कुवाहारा साच्यातले गोळे उलटवत म्हणाला. "भंगारवाल्याच्या टोपलीत हात घातला, तर ही कॅसेट वर आली. घरी लावून बघितली, तर कोल्हा नाचतोय."

"वायर," मिनेगिशी म्हणाला.

"शाळेपासून तुझंच हे खूळ, म्हणून तुलाच बोलावलं. खातोस ना चार?"

"नको."

मिनेगिशीने ती सोबत आणलेल्या, कॅसेट वाचणाऱ्या यंत्रात खोचली, यंत्र लॅपटॉपला जोडलं. कुणी शेजारी उभं असलं की शिकवल्याशिवाय त्याला राहवत नसे. "दोनदा वाचायची. दर वेळी सगळ्या फाइलीचा मिळून एक ओळभर लांब आकडा निघतो. दोन्ही जुळले तर खेळ शाबूत. मग तो इंटरनेटवर जगभर सगळ्यांना मोकळा."

"आणि माझं काय?"

"सोबतच्या चिठ्ठीत नाव जातं. ज्याला सापडला त्याचं."

"माझं? जगभर?" कुवाहारा हसला. "बायकोला सांगतो. तिला वाटतं माझ्या हातून गोळेसुद्धा धड होत नाहीत."

वीस वर्षं धूळ खाल्ली मिनेगिशीने, आणि नाव लागणार या तेलकट हाताच्या माणसाचं.

पहिला आकडा आला. थोड्या वेळाने दुसरा आला. मिनेगिशी दोन्ही ओळींकडे बघत राहिला.

"मेलीये," तो म्हणाला. "आतली चिप गेली. मी घरी नेऊन खटपट करतो, पण आशा धरू नकोस. नाव वगैरे विसर."

कुवाहाराने सळी ठेवली. फडक्याला हात पुसले, गल्ल्यामागून बाहेर आला आणि पडद्यावर बोट ठेवून वरची ओळ वाचली. मग खालची. पुटपुटत, एकेक अंक.

गोळे करपायला लागले होते. त्याने वळूनही पाहिलं नाही.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही, मिने. पण वर जे आहे तेच खाली आहे. कॅसेटवरचा हात काढ, आणि माझ्याकडे बघून सांग. काय मेलंय?"