काळं लोणी

तेसिए मास्तरांनी रंग कालवायची सुरी चित्रावर आडवी फिरवली आणि ओनोरिननं सकाळभर खपून काढलेली सावली खरवडून गवतात झटकली.

"सावली काढतेस की कोळशाची वखार? काळी ट्यूब आण इकडे."

ओनोरिननं एप्रनच्या खिशात लपवलेली ट्यूब पुढे केली. म्हाताऱ्यानं ती नदीत भिरकावली.

समोर ओनोरिनच्या नवऱ्याची, गास्पारची पाणचक्की होती, आणि खाली पाण्यात चक्कीची सावली. गास्पार बाजारातून परतायच्या आत चित्र पुरं व्हायला हवं होतं. पुन्हा हातात ब्रश दिसला तर बोटं मोडीन, असं त्यानं बजावलं होतं. असल्या बाबतीत तो शब्दाचा पक्का होता.

"मला ती काळीच दिसते, मास्तर."

"दिसत नाही. काळी असते असं तू धरून चालली आहेस."

चित्र उलटं पाहून चुका शोधायचा आरसा त्यांच्या खिशात असे. तो त्यांनी तिच्या तोंडासमोर धरला आणि तिच्या डोळ्यावरचा रुमाल ओढून काढला.

"यात काळं कुठं आहे, दाखव."

मार खाऊन सुजलेल्या डोळ्याला त्या गावात 'काळं लोणी' म्हणत. धुणं धुणाऱ्या बायका त्यावरून खिदळत. ओनोरिन दर वेळी सांगे, गिरणीच्या जिन्यावरून पडले. घरच्या आरशाकडे ती परवापासून फिरकली नव्हती. आता तिनं पाहिलं. पापणीखाली जांभळं, हाडावर निळं, कडेला हिरवट, आणि त्याही पलीकडे पिवळं. काळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

तिला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. त्याच रागात तिनं ब्रश उचलला आणि ते सगळे रंग तसेच्या तसे, शेजारी शेजारी, चित्रातल्या चक्कीखालच्या पाण्यात थापले. सावली हलायला लागली. ती सुंदर होती, आणि तिला त्याची लाज वाटली.

"माझ्या गिरणीला हा कसला रोग लागलाय?" मागून गास्पारचा आवाज आला. "असला रंग कुठं पाहिलास गं?"

"तुम्हीच दिलात की."

त्याची मूठ ओल्या चित्रातून आरपार गेली आणि फाटलेलं कापड चुरगाळत बाहेर आली. मास्तरांनी त्याची बाही धरली, तर त्यानं त्यांना लव्हाळ्यात ढकललं. मग त्याच रंगानं माखलेल्या हातानं त्यानं ओनोरिनच्या थोबाडीत दिली. ती पडली. तोंडात रक्त आलं.

घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांची धोपाटणी थांबली. गास्पारनं हात नदीत बुडवून चोळला, पुन्हा चोळला. पाणी ओघळून गेलं, जांभळं तसंच राहिलं. ओनोरिनच्या गालावर पाच बोटं उठली होती, जांभळी, एकेक वेगळी मोजता येईल अशी.

"अगं बाई," झुल्मा धोबीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गिरणीच्या जिन्याला हात फुटले की."

या वेळी कोणी हसलं नाही.

मास्तर चिखलातून उठले आणि त्यांनी टर्पेंटाइनचं फडकं तिच्यापुढे धरलं. "तेलाचा रंग आहे, पाण्यानं जायचा नाही. ओला आहे तोवर पुसून घे."

ओनोरिन उठली. गवतातला रुमाल उचलून तिनं केसांवर, पार मागे बांधला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला बाजारातून जायचंय."